होळीला खाट शिल्लक नाही

बोरपाडा, ता. धडगाव
१० फेब्रुवारी २०२५

ति. भरतदादास,
धाकट्या रविनाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. फोनच करणार होते, पण आपल्या रेंजच्या टेकडीचा आता 'सनसेट पॉइंट' झाला आहे. संध्याकाळी गावच्या माणसांना तिथे मनाई. आपण फोटोत येतो म्हणे! म्हणून पत्र.

गावात कसले पर्यटन आणायचे यावर सभा झाली. सरपंचांच्या धर्मेंद्रला काचेचा पूल हवा होता. दिवाल्याकाकांनी विचारले, दरी ओट्यावरून दिसतेच आहे, काचेवर चढल्यावर ती काय वेगळी दिसणार? मग रिसॉर्टवाल्या शेठचा माणूस उठला. त्याला आख्खा डोंगरच पाहिजे होता. सुरुपसिंगआजोबा म्हणाले, मग आमच्या शेळ्या तुझ्या स्विमिंग पुलात चरायला सोडू का? तो चहा न पिताच गेला. शेवटी घराघरात पाहुणे ठेवायचे ठरले, म्हणजे घर आपलेच राहते.

आता रागावू नकोस, दादा. होळीला तुझी खाट पुण्याच्या एका साहेबांना गेली आहे. पाहुण्यांसाठी नेमलेल्या समितीचा कुंदन धडगावला रेंजमध्ये बसून बुकिंग घेतो. त्याने आईला तेरा मार्च विचारले. आई तारीख कुठे जाणते, ती चंद्र बघते. तिने हो म्हटले. नंतर दिवस मोजले आणि कपाळावर हात मारून घेतला! पाहुण्याला दिलेला शब्द मोडायचा नाही, म्हणून चुलीपुढे बसून रडते. तू होळीनंतर आलास तर चालेल का?

तुझी,
रविना


सुरत
१७ फेब्रुवारी २०२५

चि. रविनास, दादाचा आशीर्वाद.

पत्र वाचून डोकेच फिरले. होळीनंतर येऊन काय राख बघू? वर्षभर दुसऱ्यांच्या साड्यांच्या घड्या घालतो ते त्या एका रात्रीसाठी. खोलीतली सगळी पोरे गावी निघाली आहेत. मी काय सांगू त्यांना, माझ्या खाटेवर पुणे झोपले आहे?

आईला म्हणावे, रडू नको. कुंदनला विचार, कुठलीही जागा असेल तर माझे बुकिंग कर. पाहुणा म्हणून येतो, बघतो कोण अडवतो! बाबांना नमस्कार. खाट गेली तरी लोभ जाऊ देऊ नका.

तुझा दादा,
भरत


बोरपाडा
२५ फेब्रुवारी २०२५

ति. दादास, रविनाचा सा. न.

झाले तुझे बुकिंग! शेळ्यांच्या कोपऱ्यातली जागा मिळाली. कुंदनने तिला 'इको स्टे' नाव दिले आहे. शाकाहारी की मांसाहारी विचारत होता, मी सगळाहारी सांगितले. पाहुण्याला काम सांगायचे नाही असा समितीचा नियम आहे, तेव्हा तुझे तर फावलेच. बाबा म्हणतात, हा तसाही कधी काम करत होता?

आई तुझ्या कोपऱ्यात रोज नवे शेण सारवते. शेळ्या वैतागल्या आहेत. तू ये, बाकी काही नको.

तुझी,
रविना


बोरपाडा
२० मार्च २०२५

ति. दादास, रविनाचा सा. न.

नीट पोचलास ना? पुण्याचे साहेब हौसेने हंडे भरत होते आणि तू ओट्यावर बसून चहा मागत होतास, हे बाबांनी आख्ख्या पाड्याला सांगून झाले आहे. होळीभोवती तू नाचलास तसे कुणी नाचले नाही, असेही सांगतात, पण तुझ्या माघारी.

एक मात्र तू वाईट केलेस. साहेबांनी तुम्ही कुठले म्हणून विचारले, तर तू सुरतचे म्हणालास. थट्टेत असेल, पण आई भाकरी थापत होती, तिने ऐकले. त्या दिवशी ती जेवली नाही.

पाहुण्यांना हसत निरोप द्यायचा, असाही समितीचा नियम आहे. साहेब गेले तेव्हा आई छान हसली. तुझ्या जीपमागे मात्र नाल्यापर्यंत रडत गेली, आणि मागच्या जीपमधल्या पाहुण्यांनी ते पाहिले. समितीने दंड केला, एक कोंबडी. आईने दोन धरून आणल्या. म्हणाली, ही आत्ताची, आणि ही पुढच्या होळीची.

तुझी,
रविना