निळ्या टोकांची लाकडं

प्रिय एनिडआत्या,

हुऑनच्या खोऱ्यातून तुझ्या भाचीचा मनापासून नमस्कार. खुब्याचं दुखणं कसं आहे? काठी न घेता संडासापर्यंत जातेस का? होबार्टच्या त्या इस्पितळात अजून रोज भोपळ्याचं सूपच देतात का? (मागच्या खेपेला तू ते कुंडीत ओतलंस, हे मी तुझ्या लेकीला, डोरीनला सांगितलेलं नाही. तिनं विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, म्हणून मी दोन दिवस तिचा फोनच घेतला नाही.) मी बरी आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला जबरदस्त धक्का बसला आहे, आणि तो तुझ्यामुळे बसला आहे.

घर उबदार असेल तरच तुला घरी सोडू, नाहीतर लेकीकडे ब्रिस्बेनला पाठवू, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाच मी ठरवलं की तू यायच्या आत तुझं घर तापवून ठेवायचं. तुझ्या शेडमध्ये सरपण असणार हे ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या राशीतली ढलपीही विचारल्याशिवाय उचलू नये, ही आपल्याकडची रीत, आणि तुला विचारलं तर तुला चकित करण्याची मजा जाणार. (मजा तुझी की माझी, यावर मी बराच विचार केला. बहुधा माझी.) म्हणून मी डार्सी ट्रेथेवीच्या वखारीत गेले आणि सुकं लाकूड मागितलं. ऐन हिवाळ्यातल्या जून महिन्यात! वखारीतली माणसं अशी हसली की कुत्रा भुंकायला लागला. "बाई, वऱ्हाड दारात आल्यावर नवरा शोधायला निघालात!" डार्सी म्हणाला. मी म्हटलं, सुकं आहे की नाही तेवढं सांगा. "आमच्याकडे सगळं सुकंच असतं. काही सुकलंय, काही पुढच्या वर्षी सुकेल." मी दोन लाकडं एकमेकांवर आपटून पाहिली. टणकन आवाज यायला हवा होता, तर ओल्या गादीवर धपाटा मारल्यासारखा आला आणि सालीतून एक बेडूक बाहेर पडला. "तो फुकट," डार्सी म्हणाला. मग माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. एक खास खेप आहे, म्हणाला, सफरचंदाच्या झाडांची, हाडासारखी सुकलेली. कुणाला द्यायची ते अजून ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती तुझ्या फाटकाशी ओतली. मी हातमोजे घालून रचायला वाकले, आणि आत्या, मी तशीच वाकलेली राहिले. प्रत्येक लाकडाचं टोक निळं! नुकतं तोडलेलं कोवळं लाकूड जुन्याच्या आधी जळू नये म्हणून तू दर वर्षीच्या लाकडांच्या टोकांना वेगळा रंग फासतेस, हे सगळ्या खोऱ्याला माहीत आहे, आणि हा निळा तर तुझ्या पुढच्या दाराचा. मी धावत जाऊन शेड उघडली. रिकामी! एक काटकी नाही, आणि जमीन स्वच्छ झाडलेली. चोर इतका निर्लज्ज की झाडूनसुद्धा गेला, असं माझ्या मनात आलं. (चोर झाडत नाहीत, हे माझ्या मनात आलं नाही. मी पदवीधर आहे.)

तशीच वखारीत गेले आणि गिऱ्हाइकांसमोर डार्सीला चोर म्हटलं. इस्पितळातल्या बाईची लाकडं तिच्याच भाचीला विकणारा, असंही म्हटलं. आणखी जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्यानं टोपी काढली. "चोरी कसली, बाई? त्यांनीच फोन करून विकली. मी दोनदा विचारलं, खरंच का? म्हणाल्या, मला आता लागणार नाहीत, कुणीतरी गारठलेलं बघून दे. शेड तेवढी झाडून घे."

आपल्याकडे माणूस ट्रॅक्टर विकतो, गाय विकतो, बायकोचा पियानोही विकतो. पण सुकलेलं सरपण शेडमधून जातं ते मालक परत येणार नसतो तेव्हाच, हे वखारीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी डार्सीची माफी मागितली. तो म्हणाला, "माझं सोडा. त्यांना काय झालंय ते विचारा."

म्हणून विचारते. रविवारी फोनवर तू मला म्हणालीस, वसंतात वाटाणे पेरू. तेव्हा लाकडं विकून झाली होती का? की मीच कधी विचारलं नाही, तुला घरी यायचंय का? उबेची काळजी मी केली; तुझ्या मनाची केली नाही बहुतेक. ब्रिस्बेनला खरंच जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पण ते मला तुझ्या तोंडून कळू दे, वखारवाल्याच्या नको.

तुझी, अजून न सावरलेली,
रोवेना

ता. क. लाकडं परत शेडमध्ये आहेत. डार्सी आणि त्या दिवशीची गिऱ्हाइकं न बोलावता आली आणि रचून गेली. "म्हातारीनं पुन्हा विकली तर आम्ही पुन्हा रचू," असा निरोप आहे. म्हातारी हा शब्द त्यांचा.

ता. क. २. मी अडवणार नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. खाडाखोड नको म्हणून तसंच ठेवलं.

ता. क. ३. घराला ऊब यावी म्हणून तुझी शेगडी पेटवली. धुराड्याची झडप उघडायची ती चावी मी सगळीकडे फिरवून पाहिली, तरी धूर धुराड्यात न जाता स्वयंपाकघरात येतो. हे पत्र डोळे पुसत पुसत लिहिलंय, ते त्या धुरामुळे. चावी कशी लावायची ते पत्रात लिहू नकोस, फोनवरही सांगू नकोस. मला नुसतं सांगून कळत नाही. समोर उभं राहून दाखवावं लागतं.