दुसऱ्या पंपाचं पाणी

३ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मामी स्वतःच्या मनानं भरते, म्हणून पत्र लिहिते आहे.

आमच्या तटरक्षक दलानं मला वर्षभरासाठी एका जहाज कंपनीत शिकायला धाडलं आहे. सहा वर्षं मी लोकांच्या जहाजांवर चढून त्यांच्या लाइफबोटी आणि आगीचे पंप तपासते आहे. आता वरिष्ठांना वाटलं, की हा धंदा आतून कसा चालतो ते आम्हाला कळलं तर आमच्या तपासण्या जरा शहाण्या होतील. तेव्हा गणवेश कपाटात आणि मी नवव्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या शेजारी.

दारातच काचेच्या पेटीत हातभर लांबीचं एक जहाज ठेवलं आहे. गंजाचा एक ठिपका नाही. अख्ख्या कंपनीत वेळेवर रंगवलेलं तेवढंच जहाज मला दिसलं. सुरक्षा विभागात अकरा माणसं आहेत, त्यांतल्या सात जणांनी समुद्र पाहिला तो सुट्टीत. मागच्या आठवड्यात सुरक्षा सप्ताह झाला. त्यातल्या प्रश्नमंजूषेत मला पहिलं बक्षीस मिळालं, एक कप. त्यावर लिहिलं आहे, 'सुरक्षा सर्वांत आधी'. दुसऱ्या दिवशी त्याचा कान निखळून गरम चहा मांडीवर पडला.

माझे इथले गुरू म्हणजे सगळ्या जहाजांची देखभाल बघणारे सुपरिंटेंडंट. त्यांना मी गुळगुळीतराव म्हणते, अर्थात मनात. हा माणूस कधी नाही म्हणत नाही, आणि त्यानं हो म्हटलेलं काम झालेलं कोणी पाहिलेलं नाही. माझ्या गळ्यात जो पास अडकवला आहे, त्यावर 'पाहुणा' असं छापलं आहे. पाहुण्यासारखंच वागवतात. खायला पुष्कळ देतात, दाखवत काहीच नाहीत.

गुडघ्याचे व्यायाम करता असं मामी म्हणाली, म्हणजे करत नसणार. तिला नमस्कार. लोभ आहेच, त्यात खंड नसावा.

आपली भाची,
भिंगरी

*

१२ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या दलाच्या अकलेचं कौतुक वाटलं. मांजराला उंदरांकडे शिकायला पाठवायचं, आणि वर्षअखेरीला प्रमाणपत्रही उंदरांनीच द्यायचं. मांजर पास होणार यात मला शंका नाही.

तीस वर्षं मी इंजिनरूममध्ये काढली, शेवटची बारा चीफ इंजिनिअर म्हणून. कान तिथंच ठेवून आलो. तपासनीस शेकड्यानं पाहिले. आम्ही त्यांना पांढरे हातमोजे म्हणायचो. कॅप्टनच्या केबिनमध्ये तासभर कागद आणि बिस्किटं, मग डेकवर एक फेरी. इंजिनरूमची शिडी दिसली, की त्यांना नेमकी पुढच्या जहाजाची वेळ आठवायची. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू त्यांतली नसशील, आणि असलीस तर या वर्षात कळेलच.

एक सांगतो. ते जे पडद्यावर रंगीत तक्ते दाखवतात, त्या वेळेला खुशाल डुलकी काढ. तपासणीच्या आदल्या दिवशी ऑफिसातून जहाजावर काय निरोप जातो, तेवढं मात्र डोळे उघडे ठेवून वाच. सगळं शिक्षण त्यात आहे.

गुडघ्याबद्दल मामी खोटं सांगते. मी रोज सकाळी दहा मिनिटं व्यायाम करतो. त्यांतली आठ पलंगावर बसून तयारीत जातात, हा भाग वेगळा. तिचे आशीर्वाद आहेत. पत्र लिहीत जा. लोभ असू दे, जमल्यास थोडा आदरही.

तुझा,
मामा

*

२१ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला ऐकला. आता वाटतं, नसता ऐकला तर सुखी राहिले असते.

जहाज बंदरात यायच्या आधी इथून कॅप्टनला निरोप जातो, आणि त्याला एक कागद जोडलेला असतो: येणारा तपासनीस कसा आहे. जुन्या निरोपांची फाईल मला क्रमानं लावायला दिली होती, पाहुण्यानं रिकामं बसू नये म्हणून. वाचताना हसू आवरेना. आमच्यातल्या एकाला दारांच्या बिजागऱ्यांचं वेड आहे म्हणे. एकाला जेवणानंतर काही दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी जेवण लवकर लावावं. मग माझा कागद हाती आला. जसाच्या तसा उतरवते आहे:

'फोटोवाली बाई. कागदपत्रं बारकाईनं वाचते, तिथं चूक नको. आगीचा पंप डेकवरूनच बघते. धार लांब गेली की फोटो काढते आणि सही करते. खाली उतरत नाही.'

मामा, मला राग यायला हवा होता. एक शब्द जरी खोटा असता तरी आला असता.

पुढचं जरा सोपं करून लिहिते, कारण हे पत्र मामीही वाचणार. इंजिनरूममध्ये आगीचा मोठा पंप असतो. पण आग इंजिनरूमलाच लागली तर तो पंप गेलाच. म्हणून जहाजाच्या नाकाशी, खाली, दुसरा पंप ठेवतात. त्याचं इंजिन वेगळं, इंजिनरूमशी त्याचा संबंध नाही. या कंपनीचं एक बावीस वर्षांचं मालवाहू जहाज आहे, ऑफिसात त्याला 'म्हातारी' म्हणतात. गेल्या वर्षी मी तपासणीला गेले, त्याच्या आधीपासूनच म्हातारीचा हा दुसरा पंप मेलेला होता. त्याचं इंजिन नुसतं आवाज करायचं, पाणी ओढायचं नाही. गुळगुळीतरावांनी निरोपात लिहिलं होतं, की दुसऱ्याचं इंजिन चालू करून आवाज होऊ द्या, दोन्ही पंपांच्या नळांना जोडणारा मधला व्हॉल्व्ह उघडा ठेवा, आणि पाणी मोठ्या पंपाचं सोडा. बाई डेकवर असतील.

मी डेकवरच होते. धार छान लांब गेली. फोटो आला तोही छान.

जहाज तसंच फिरतं आहे, त्यावर एकवीस माणसं आहेत. आणि इथं रुजू होताना मी एका कागदावर सही केली आहे, की आत पाहिलेलं बाहेर नेणार नाही. माझी एक सही आधीच खोटी पडली आहे, आता दुसरी मोडायची की नाही ते ठरवायचं आहे. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? थट्टा न करता लिहा. लोभ असावाच, सध्या गरजही आहे.

आपली,
भिंगरी

*

२८ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी काय केलं असतं, असं विचारलंस. काय केलं तेच सांगतो. गुळगुळीतरावानं नवा शोध लावलेला नाही. ती युक्ती मीही केली आहे.

निवृत्तीच्या नऊ वर्षं आधी माझ्या जहाजावरचा दुसरा पंप असाच मेला होता. त्याचा भाग मी चार महिने मागत होतो, ऑफिस 'पाठवतो' म्हणत होतं. तपासणीला एक पांढरा हातमोजा आला. मधला व्हॉल्व्ह मी स्वतःच्या हातानं उघडला. तो धार बघून खूश झाला, आणि जेवणाच्या टेबलावर मी त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं.

पुढच्या बंदरात एक नवा थर्ड इंजिनिअर रुजू झाला. त्यानंतर दहा दिवसांनी, भर दुपारी, इंजिनरूममध्ये तेलाची नळी फुटून आग लागली. वीज गेली, मोठा पंप बंद पडला. थर्ड नाकाशी धावत गेला आणि त्यानं दुसरा पंप चालू केला. इंजिनानं आवाज केला, पाणी आलं नाही. तो परत आला आणि हातात अग्निशामक नळकांडी घेऊन आत शिरला, एकदा नव्हे, तीनदा. आग विझली. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशीत मी लिहून दिलं, की पंप उत्तम होता, थर्डनं घाबरून तो नीट चालू केला नाही. खाली माझी सही. ज्यांना मी टेबलावर हसवलं होतं ते सगळे गप्प बसले. त्यानंतर थर्डला कुठल्याच जहाजानं घेतलं नाही. मला निवृत्तीच्या वेळी घड्याळ मिळालं.

हे मामीलाही माहीत नव्हतं. पत्र तिला वाचून दाखवलं आणि मग पाकिटात घालतो आहे. ती काही बोलली नाही. बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

तेव्हा तुझ्या त्या गुप्ततेच्या कागदाची होडी कर आणि पाण्यात सोड. लोभाबद्दल या वेळी काही लिहीत नाही.

मामा

*

१९ ऑगस्ट

ती. मामास,
नमस्कार.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. माझ्याकडे माफी मागितली नाहीत ते बरं केलंत, ती द्यायचा मला अधिकार नाही. ज्याच्याकडे मागायची त्याचा पत्ता शोधा. एवढंच लिहिते आणि माझं सांगते.

आधी गुळगुळीतरावांकडे गेले. ते हसून म्हणाले की तो भाग चौदा महिन्यांपूर्वीच मागवला आहे, आणि कामाच्या ताणात पाहुण्यांनी भर घालू नये. मी विचारलं की चौदा महिन्यांत आग लागली असती तर. त्यावर ते म्हणाले की लागली नाही ना. मग त्यांनी मला बिस्किटं पुढे केली.

त्याच दिवशी मी आमच्या कमांडरसाहेबांना लिहून दिलं, की गेल्या वर्षीची माझी सही चुकीची आहे, पंप मी पाहिलाच नव्हता, जहाज पुन्हा तपासावं. साहेबांनी बोलावून घेतलं. पंपाबद्दल एक प्रश्न नाही. हा उपक्रम किती मेहनतीनं उभा केला, बाकीच्या कंपन्या आता कोणाला दारात तरी उभं करतील का, आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची मला काय एवढी हौस, असं अर्धा तास चाललं. शेवटी म्हणाले की लिहून आणलंस म्हणजे आता मला माणसं पाठवावीच लागणार. तोंडी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, हे ते बोलले नाहीत, पण खोलीभर पसरलं होतं.

नऊ तारखेला म्हातारी बंदरात आली. दोन तपासनीस गेले, सोबत मला नेलं. या वेळी मी खाली उतरले. नाकाशी सहा मजल्यांची उभी शिडी आहे, मामा, आणि तळाशी जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. मधला व्हॉल्व्ह माझ्या हातानं बंद केला आणि मोठा पंप थांबवायला सांगितला. दुसऱ्याचं इंजिन सुरू झालं, कानठळ्या बसल्या. वरून निरोप आला की पाइप डेकवर लोळतो आहे, थेंब नाही.

तिथले चीफ इंजिनिअर माझ्या शेजारी उभे होते, वय झालेले, शर्टावर तेल. त्यांनी खिशातून कागद काढले: पंपाच्या भागाची सहा मागणीपत्रं. मग ते अगदी साधेपणानं म्हणाले की गेल्या वर्षी ते इथंच, याच जागी, हातात टॉर्च घेऊन माझी वाट बघत थांबले होते. मी उतरले असते तर त्यांना काही बोलावंच लागलं नसतं. वर धार गेल्याचा निरोप आला तेव्हा ते टॉर्च बंद करून निघून गेले.

सगळ्यांचं बोलणं झेललं, पण हे काही पचत नाही.

जहाज नऊ दिवस अडकवलं आणि चौदा महिन्यांत न आलेला भाग चौथ्या दिवशी विमानानं आला. गुळगुळीतरावांची दुसऱ्या विभागात बढती झाली. माझं प्रशिक्षण संपवलं, कारण दिलं आहे, 'प्रशिक्षणार्थीचा स्वभाव'. दलाकडून लेखी ताकीद मिळाली आणि मासेमारी होड्यांच्या नोंदणीचं टेबल मिळालं. तिथं शिडी नाही. मामीला नमस्कार. लोभ टिकवायचा की नाही ते तुमच्या पुढच्या पत्रावर.

भिंगरी

*

२६ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

ताकीद मिळाल्याबद्दल अभिनंदन. मला घड्याळ मिळालं होतं, त्यावरून बक्षिसं कोणाला मिळतात ते बघ.

पत्ता शोधायला पाच आठवडे लागले. आमच्यातल्या कोणालाच थर्ड कुठं गेला ते माहीत नव्हतं, आणि हे सांगताना कोणाला लाजही वाटली नाही. शेवटी मामीनं शोधला, जुन्या नाविकांच्या बायकांना फोन करकरून. तिकीटही तिनंच काढून हातात ठेवलं, एकाच माणसाचं. पाच आठवड्यांत आमचं तेवढंच बोलणं झालं.

थर्ड एका लांबच्या गावात शिवणयंत्रं दुरुस्त करतो. रस्त्याला लागून बोळाएवढं दुकान, भिंतीला टेकून यंत्रं रचलेली. त्याची बोटं पुरती मिटत नाहीत, बारीक स्क्रू बायको लावते. त्यानं मला लगेच ओळखलं आणि स्टूल दिलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं, की पंप आधीपासून मेलेला होता, ते मला माहीत होतं, व्हॉल्व्ह मी उघडला होता आणि कागदावर खोटं मी लिहिलं. माफी मागायची तयारी करून गेलो होतो, पण तो शब्द काही येईना.

तो काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. मी कानाकडे बोट दाखवलं. तेव्हा त्यानं पावतीपुस्तक ओढलं, दोन बोटांत पेन्सिल धरून लिहिलं आणि माझ्यापुढे केलं: 'म्हणजे मी पंप नीट चालू केला होता?'

भिंगरे, एकोणीस वर्षं त्या माणसाला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलं. मी समजत होतो की तो मला शिव्या देत असेल. शिव्या द्यायलाही मी त्याला काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

मी म्हटलं, की नीट चालू केला होतास, तुझ्याहून नीट कोणी केला नसता. तो उठला आणि आतून बायकोला हात धरून घेऊन आला. मला खूण केली की पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. ती ऐकताना माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्या हातांकडे बघत होती. मग त्यानं शेजारच्या चष्मेवाल्याला बोलावलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मला माझा आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे बहुतेक अर्ध्या रस्त्यानं ऐकलं असेल. चहा कोणी विचारला नाही, ते योग्यच होतं.

सगळं लेखीही दिलं, एक प्रत त्याला, एक चौकशी खात्याला. खातं काय करणार ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

निघालो तेव्हा त्यानं मला थांबवलं आणि पावतीपुस्तकात आणखी एक ओळ लिहिली: 'मुलगी उद्या सकाळी येते आहे. तिला लहानपणापासून माझीच चूक सांगितली आहे.'

म्हणून आज इथल्या एका लॉजवर उतरलो आहे. खोलीला एक खुर्ची आहे आणि खिडकीतून त्याचं दुकान दिसतं. उद्या दहा वाजता जाऊन पुन्हा सांगायचं आहे.

तुझ्या लोभातला काही उरला असेल, तर तेवढा असू दे.

तुझा,
मामा