कानपिळीचा मान

१२ जानेवारी
रुचिताचा ऑफिसात फोन. थेट फर्मानच – लग्नाचे फोटो मी काढायचे! संध्याकाळच्या रिसेप्शनला फोटोग्राफर आहे, पण सकाळचे विधी माझ्याकडे. म्हणते, परका माणूस समोर आला की माझा चेहरा आधार कार्डावरच्यासारखा होतो. मी लगेच हो म्हणून बसलो. गाढव आहे मी.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आमची सरकारी क्वार्टर्स समोरासमोर होती. शाळा, कॉलेज, सगळं बरोबर; तिचे आईबाबा माझे काका-काकू. इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नाही, ते आता काय निघणार? पण कॅमेरा डोळ्याला लावला की माणसाकडे हवं तितकं बघता येतं. कोणी काही विचारत नाही.

१९ जानेवारी
नोएडाहून येताना भाड्याची लेन्स घेऊन आलो. आई म्हणाली, स्वतःच्या लग्नाचंही इतकं मनावर घे. जेवण नको म्हणून सांगितलं.

२७ जानेवारी
हळद. काका रिटायर झाल्यापासून ते लोक दिल्लीतच द्वारकेला असतात, तिथल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये. तिच्या नाकाच्या शेंड्यावर हळद. 'नीरज, बास की, किती काढशील?' लाइट मस्त आहे म्हणालो. लाइट अजिबात मस्त नव्हता.

२८ जानेवारी
झालं लग्न.

अंतरपाटाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला सुजय, मी टोकाशी. चांगला मुलगा आहे. वाईट असता तर किती सोपं झालं असतं! अक्षता लेन्सवर आपटत होत्या, मी काढत राहिलो. शाबास नीरज.

मग लाजाहोम. गुरुजी म्हणाले, मुलीच्या भावाला बोलवा. रुचिताला सख्खा भाऊ नाही, आणि मावसभाऊ परीक्षितचं विमान धुक्यामुळे जयपूरला उतरलेलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, 'शोधताय काय? हा काय आमचा नीरज!'

माझ्या गळ्यातला कॅमेरा निघून काकांच्या हातात गेलासुद्धा. मी तिच्या शेजारी उभा. तिने ओंजळ पुढे केली, मी लाह्या घातल्या. पुन्हा. पुन्हा. तिने एकदाही वर पाहिलं नाही. डोळे लाल होते, पण धुराने सगळ्यांचेच झाले होते.

आणि कानपिळी! सुजयच्या घरी ही पद्धत नाही, त्याने हा शब्दच ऐकलेला नाही. मी कान धरला आणि पिळला. जरा जास्तच पिळला असेन.
'साले साहब, जान लोगे क्या?' तो म्हणाला. मांडवभर हशा. मीही हसलो. मानाचं शर्टपीस मिळालं.

२९ जानेवारी
शर्टपीस आईला फार आवडलं. शिवायला टाक म्हणते.

२ फेब्रुवारी
फोटो बघत बसलोय. काकांनी आपला अंगठाच जास्त काढलाय. एक मात्र जमलाय – माझे हात, तिची ओंजळ, मधे पडत्या लाह्या. चेहरे दोघांचेही कापले गेलेत. माझ्या सगळ्या फोटोंत असा एकही नाही.

ती मला हवी होती. इथे तरी लिहून टाकतो. अजून हवी आहे. रस्त्यात तिच्यासारखी वेणी दिसली तरी पाय थांबतात. पण एक बरं झालं, प्रश्न मिटला. तिच्या मनात काही असतं, तर अशी निमूट ओंजळ पुढे केली असती का? भाऊ तर भाऊ.

७ फेब्रुवारी
पेन ड्राइव्ह द्यायला द्वारकेला गेलो. काकू फोटो बघता बघता त्या लाह्यांवर थांबल्या. म्हणाल्या, परीक्षितचं विमान अडकल्याचं कळल्यावर लग्नाच्या दिवशी सकाळीच रुचिताने त्यांना बजावलं होतं – 'आई, कोणालाही उभं कर. फक्त नीरजला नको.' ऐन वेळी त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

'भांडला होतात का रे तुम्ही?'

हो म्हणालो.