छाननीच्या आदल्या दिवशी

मु. पो. खामवाडी, जि. जालना
८ एप्रिल, बुधवार

प्रिय संध्या,

सप्रेम जयभीम.

इकडे सगळे खुशाल, तिकडेही असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू भावाकडे बदनापूरला गेल्यापासून तुझा फोन बंद लागतो. बंद ठेवलास ते बरंच केलंस. चालू असता तर एव्हाना अर्ध्या तालुक्याने तुला सख्खी बहीण मानलं असतं. अंगणवाडीच्या बेबीनंदा मावशी दुपारच्या गाडीने लेकीच्या बाळंतपणाला तिकडेच निघाल्यात. त्यांच्या पिशवीत पापडांच्या डब्याखाली हे पत्र घालणार आहे. त्यांना सांगितलंय की आत लोणच्याची कृती आहे. वाचता येत असून मावशी उघडून बघणार नाहीत, एवढा एक भरवसा गावात शिल्लक आहे.

तुझ्या घराकडे रोज चक्कर मारते. झाडांना पाणी घालते, कोंबड्यांना दाणे टाकते. ती लंगडी कोंबडी मात्र माझ्या मागे मागे आमच्याच दारात आली आणि आता सासूबाईंच्या बाजेखाली बसते. सासूबाई म्हणतात, "पाहुणी आली तर पाहुणीवानी राह्य म्हणावं, मालकीण होऊन राह्यली." मोसंबीला टँकर सुरू केला. ऊन असं आहे की दहानंतर पांदीत चिटपाखरू दिसत नाही. भीमनगरात जयंतीची तयारी जोरात आहे, पोरं तुझी वाट बघतायत. आमची साक्षी परवा येऊन गेली, वाळलीय जरा, पण नर्सिंगचं शेवटचं वर्ष म्हटलं की वाळायचंच.

सकाळी सोसायटीचा सचिव वसंता आला होता. चहा पिऊन गेला. काही विशेष नाही.

तू जाताना रागात होतीस. फाटकाशी उभी राहून म्हणालीस, "हा सगळा कट आहे, दैवशाला. वरपासून खालपर्यंत आखलेला." मी गप्प बसले म्हणून तुला वाटलं मी घाबरले. घाबरले होतेच. पण गप्प बसले त्याचं कारण वेगळं होतं. मला तो कट सापडत नव्हता.

फार शोधला गं. बाजार समितीच्या निवडणुकीत जागा तेवढेच अर्ज आलेत, सगळे अप्पारावांच्या पॅनलचे, फक्त तुझा एक जास्तीचा. उद्याच्या छाननीत तुझा अर्ज टिकला तर आपण ग्रामपंचायत सदस्य मत देतो त्या जागेसाठी मतदान होईल. उडाला तर सगळी समिती बिनविरोध. मग समितीचे हायवेवरचे नवे गाळे अप्पारावांच्या व्याह्यांनाच कसे मिळाले, हे विचारायला आत कुणी उरणार नाही. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. पण मी डोळ्यांपुढे आणते की कुठेतरी बंद खोलीत चार माणसं बसलीत आणि संध्या हिवराळेचा काटा कसा काढायचा ते ठरवतायत, तर ती खोलीच दिसत नाही. गाळ्यांची जाहिरात पेपरात आली होती. ठराव झाला होता. ठरावाच्या वेळी लोक हजर होते, टाळ्या वाजल्या होत्या. कागद सगळे बराबर.

मी लग्न होऊन आले तेव्हा अप्पारावांकडे एक ट्रॅक्टर होता, तोही ढकलून चालू करायचे. मग खडीचं क्रशर आलं, खडी होती म्हणून रस्त्याचं काम आलं, रस्ता झाला म्हणून लोकांनी मतं दिली, मतं मिळाली म्हणून पुढचा रस्ता आला. पैशामागे खुर्ची आली की खुर्चीमागे पैसा, हे आता त्यांनाही सांगता येणार नाही. मधल्या काळात नर्सिंग कॉलेज झालं, बियाण्याची एजन्सी जावयाच्या नावावर झाली, ट्रस्टची रुग्णवाहिका आली. आणि या सगळ्याचं एकेक टोक आमच्या घरात येऊन बसलं. साक्षी त्यांच्या कॉलेजात, फीत सवलत. साक्षीच्या पप्पांच्या दुकानात बियाणं त्यांच्या एजन्सीचं, पैसे हंगामानंतर. सासूबाईंना डायलिसिसला जालन्याला नेते ती गाडी त्यांची. यातलं काहीही त्यांनी आमच्या गळ्यात मारलं नाही. पावसाळ्यात सासूबाईंना दम लागला तेव्हा मीच अप्पारावांना फोन लावला होता. १०८ ला लावला नाही. माझ्या बोटांना तोच नंबर पाठ होता.

कट असता तर बरं झालं असतं बघ. कट करणाऱ्याला निदान शिव्या तरी देता येतात.

थांबते जरा. मोटारसायकल वाजली.

कुणी नाही, दूधवाला होता. आजकाल दाराशी गाडी थांबली की हातातलं टाकून बघायला उठते. तुला हसू येईल, पण ऐक. सोमवारी कॉलेजच्या मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "साक्षी फार गुणी आहे हो, तिची काळजी करू नका." बस, एवढंच. मी कुठे काळजी करत होते? तेव्हापासून करतेय. काल रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर सासूबाईंना उतरवून देताना म्हणाला, "वैनी, शुक्रवारी येऊ ना?" इतक्या महिन्यांत त्याने कधी विचारलं नव्हतं, येऊन हॉर्न वाजवायचा. सहज विचारलं असेल त्याने. त्याच्या घरी लग्न असेल, सुट्टी हवी असेल. पण मला आता काहीच सहज ऐकू येत नाही.

आणि बॅनर. तो आमच्याच दुकानात आहे, पोत्यांमागे गुंडाळून उभा केलेला. झाडताना हात लागला म्हणून उलगडला. "बाजार समितीवर बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." छाननी व्हायची आहे आणि अभिनंदन छापून आलंय. मधे अप्पाराव हात जोडून. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत साक्षीचे पप्पा आणि त्यांच्या शेजारी मी. आधारकार्डावरचा फोटो लावलाय माझा, चोर पकडल्यासारखा दिसतो तो. संध्या, तुझा अर्ज उडाल्याचा आनंद झालेल्यांमध्ये मी आधीच छापले गेलेय. साक्षीच्या पप्पांना विचारलं तर म्हणाले, "सगळ्याच दुकानदाराचे फोटो घेतले त्यांनी. न्हाई कसं म्हणायचं?" खरंच आहे. कसं म्हणायचं?

आता लिहिते.

वर लिहिलं की वसंता आला होता, काही विशेष नाही. ते खोटं लिहिलं. तुला माहीतच आहे, सूचकाची सही खोटी ठरली तर अर्जाला काही किंमत राहत नाही. तुझी सूचक मी आहे. वसंता ओट्यावर बसला, चहात बिस्कीट बुडवलं आणि म्हणाला, "वैनी, काही अवघड न्हाई. उद्या छाननीचे साहेब इचारतील, ही सही तुमची का? तुम्ही म्हणायचं, न्हाई. बस. जल्दी घरी येऊन सैपाकाला लागायचं."

मी म्हटलं, "अप्पांनी सांगितलं का असं?"

"छे! अप्पाला माहीत बी न्हाई. अप्पा तर म्हणले, ताईला उभं राह्यचं तर राहू द्या. आम्हीच म्हणून राह्यलो, त्यांच्या नावाला बट्टा कशाला? गेल्या टायमाला आमच्या पोराला त्यांनीच नोकरीला लावलं. आपलं बी काही कर्तव्य हाय का न्हाई?"

तो खोटं बोलत नव्हता. मी वीस वर्षं ओळखते त्याला, खोटं बोलताना तो कान खाजवतो. अप्पारावांना खरंच माहीत नसेल. त्यांना माहीत असायची गरजच उरलेली नाही. वसंता आपल्या पोरासाठी आला, मॅडम आपल्या खुर्चीसाठी बोलल्या, आणि मी, माझ्याकडे तर पोरगी आहे, दुकान आहे, सासू आहे. जो तो आपापल्या घराकडे बघून थोडासा वाकतो. धमकी कुणीच देत नाही. दिली असती तर मी भांडले असते, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

साक्षीचे पप्पा भिंतीकडे बघत होते. वसंता गेल्यावर म्हणाले, "तुला पटन ते कर. मी काही म्हणत न्हाई." आणि ताटावरून उठून गेले. भाकरी अर्धी तशीच. हा माणूस माझ्याशी कधी आवाज चढवून बोललेला नाही. आत्ता चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

सासूबाईंनी बाजेवरून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता गाडीचं काढतील. त्या वेगळंच बोलल्या. "आमच्या टायमाला माहा अंगठा धरून दाबून घ्यायचे. जमिनीच्या वाटणीत तसाच घेतला. कशावर दाबला, कुणी इचारलं न्हाई. तुला निदान इचारून राह्यले." आणि कूस बदलली. करायला सांगत होत्या की नको म्हणत होत्या, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसेल.

अजून एक राहिलं. तेच लिहायचं होतं म्हणून एवढी पानं खरडली.

वसंताला मी हो म्हणाले.

मान नाही हलवली, बघते नाही म्हटलं. तोंडाने, नीट, "हो" म्हणाले. त्याने कप खाली ठेवला आणि सांगितलं की उद्या दहाला गाडी घेऊन येतो. मी त्याला निघताना बडीशेप दिली.

संध्या, ग्रामपंचायतीच्या पहिल्या मीटिंगला आठवतं? तुझे मालक आणि माझे मालक पुढच्या खुर्च्यांवर जाऊन बसले होते, आणि तू म्हणालीस, "उठा हो, निवडून आम्ही आलोय." सगळे हसले, पण ते उठले. मग ग्रामसेवकाने रजिस्टर पुढे केलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर पूर्ण नावाची सही केली. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट, खाली दोन रेघा, दोन टिंबं. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "सही केली का रांगोळी काढली?" त्या दिवसापासून मी तश्शीच करते. पोस्टात, बँकेत, साक्षीच्या कॉलेजात. बँकेतला मुलगा वैतागतो. तुझ्या अर्जावर केली तेव्हा पेन चांगला नव्हता तरी टिंबं सोडली नाहीत. उद्या मला विचारतील ते याच सहीबद्दल, आणि मी म्हणायचं की माझी नाही. तुझ्याशी खोटं बोलले तर तुझ्या पाया पडून माफी तरी मागता येईल. पण मग यापुढे मी सही कुठली करू?

चांगली बाई असते तर लिहिलं असतं, निश्चिंत राहा, मी खरंच बोलेन. तसं लिहायला सकाळपासून तीनदा बसले. मला माझा भरवसा वाटत नाही. उद्या वसंताच्या गाडीत साक्षीचे पप्पा शेजारी बसलेले असतील, फोनवर साक्षीचा मेसेज येईल, आणि मी त्या टेबलापाशी उभी राहीन. तिथे माझ्या तोंडून काय निघेल, देवाला माहीत.

म्हणून आत्ताच, हात माझ्या ताब्यात आहे तोवर लिहून देते. उद्या अकराच्या आत तू छाननीला पोचच. भावाला बरोबर आण. हे पत्र ब्लाऊजमध्ये ठेव, पर्समध्ये नको. साहेबांनी विचारल्यावर मी "माझीच" म्हणाले, तर घरी जाऊन हे चुलीत घाल आणि लंगडी कोंबडी घेऊन जा. मी "नाही" म्हणाले, तर काही बोलू नकोस. हे पत्र उघडून साहेबांच्या टेबलावर अर्जाशेजारी ठेव. सगळं वाचतील, साक्षीचं, गाडीचं, दुकानाचं. वाचू देत. त्यानंतर शुक्रवारी हॉर्न वाजेल की नाही याचा विचार मी आज करत नाही. केला तर हे पत्र फाडीन.

आणि त्या वेळी माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तर मला रडू येईल, आणि लोक म्हणतील की बाईवर कुणीतरी जबरदस्ती केली. कुणी केलेली नाही. हे सगळ्यांना कळलं पाहिजे, मला सगळ्यात आधी.

मावशींनी हाक मारली, गाडीची वेळ झाली. साक्षीचा चांगला पेन शोधून काढलाय. खाली करते आहे ती सही माझी आहे. तुझ्या अर्जावरची पण माझीच आहे. उद्या मी काहीही म्हणाले तरी.

तुझी सूचक,

दैवशाला हरिओम शेजूळ