आयसीयूचा कंट्रोल माझ्याकडे

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी १०
आबांना न्यूमोनिया. कालपासून आयसीयूत, व्हेंटिलेटरवर. घरच्यांनी हाय खाल्लीय. मी थोरला मुलगा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत चाळीस माणसांची शिफ्ट चालवतो. इथलंही मीच बघणार. ठराव : रडायचं नाही, रडू द्यायचं नाही.

दुपारी १२
आत एका वेळी एकच. आईला पाठवलं. मोठ्या मनानं.

बुधवार, ५
सदफ सिस्टरनी आईला बाकड्यावर बसवून नळ्या, मशीन, औषधं सगळं समजावलं. मला वगळून! वर मलाच विचारतात, दादा, जेवलासा काय? विषय काय, ह्यांचं काय. (चार इडल्या खाल्ल्या. त्यांनी आणल्या म्हणून.)

संध्याकाळी बायकोला, म्हणजे संयोगिताला, आत पाठवलं. मला कंपनीचा अर्जंट फोन होता. ती म्हणाली, फोन तर सकाळपासनं बंद हाय तुमचा. बायका नको तिथं लक्ष देतात.

गुरुवार, ६
आज नक्की जाणार होतो. सर्दी वाटली. इन्फेक्शनची रिस्क कोण घेणार?

शुक्रवार, ७
सदफ सिस्टरनी विचारलं, भीती वाटती काय? हसलो. त्यांना वेटिंगचं नियोजन कसं चुकलंय ते समजावलं. दहा मिनिटं ऐकत बसल्या. पाणी दिलं, ते सांडलं. टेबल हलत होतं.

शनिवार, ८. दुपारी १२
गेलो! सिस्टर सोबत होत्या. म्हणाल्या, बोला आबांशी. मशीनच्या आवाजानं शब्द सुचेनात. एकाग्रतेसाठी डोळे मिटले, आबांचा हात घट्ट धरला. आणि आबांनी उलट दाबला! बाहेर येऊन जाहीर केलं. आई ढसाढसा रडली. ठराव मोडला, पण माफ.

दुपारी १
सदफ सिस्टरनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, दादा, तुम्ही डोळं मिटून धरलासा तो हात माझा होता. आईंना खोटी आशा नको, आपण दोघं मिळून सांगूया. संध्याकाळी आबांचा धरा, मी हाय की संगं.

दुपारी २
सिस्टर शेजारी बसल्या, मी सांगितलं. आई म्हणाली, ठावं हाय मला. गुंगीचं औषध चालू हाय त्यास्नी, बोटबी हलत न्हाई. सिस्टरनं बुधवारीच सांगितलंय.
मग रडलीस कशाला, मी विचारलं.
म्हणाली, तू एकदाचा आत गेलास म्हणून.