मागाचा खड्डा

प्रिय अक्षता,

गुरुवारी तू पाहुण्यांना घेऊन इथे येणार आणि सगळ्यांना विणकराला भेटायचंय, हा तुझा निरोप मिळाला. फोन केला असता, पण फोनवर तू माझं अर्धंच ऐकतेस आणि उरलेल्या वेळात गोळ्या घेतल्या का विचारतेस. म्हणून हे पत्र. पूर्ण वाच.

तुझी संस्था देशी लोकर, गावठी कापूस असल्या छोट्या धंद्यांना भांडवल देते, याचं मला फार कौतुक आहे. शुक्रवार पेठेतल्या आपल्या कापडदुकानात माझा जन्म गेला, म्हणून सांगोल्याजवळच्या या बनाबाईंच्या घोंगड्यांच्या धंद्यावर लक्ष ठेवायला तू मला नेमलंस. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या तू, आणि मेंढ्यांमागे हिंडायचं म्हाताऱ्या आईनं! पण काम छान चाललं होतं. धनगर एरवी कातरून बांधावर टाकून द्यायचे ती लोकर विकत घेतली जाऊ लागली, बायका घरोघरी सूत कातू लागल्या. विणायचे मात्र एकटे कोंडीबा, बनाबाईंचे मालक. ते मार्गशीर्षात गेले. घोंगडी मागावर अर्धीच राहिली. तू कळवलंस की विणकर नसेल तर पुढचा हप्ता माळशिरसच्या गटाला जाईल. कातणाऱ्या बायकांची तोंडं बघवेनात, म्हणून मी इथे मुक्कामालाच आले.

आल्या आल्या मागाच्या खोलीत गेले. जमिनीत खड्डा, त्याच्या काठावर बसायचं आणि पाय आत सोडून पावड्या दाबायच्या, असा जुना माग. कोंडीबांच्या तेराव्याला पाहिली होती त्याहून घोंगडी हातभर वाढलेली. बनाबाई भाकरी थापत होत्या. मी विचारलं तर वर न बघता म्हणाल्या, "ते इणत्यात की. अर्धं काम टाकून जानारं मानूस न्हाय ते." मला हसूच आलं. हप्ता जाऊ नये म्हणून बाई कुणाला तरी गुपचूप बसवतेय, असं मी धरून चालले. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? खोलीला माझं स्वतःचं कुलूप घातलं आणि भर दुपारी दारासमोर बाज टाकून बसले.

ऊन असं की कोंबड्यासुद्धा गप्प. आणि आतून विणीवर आपटणाऱ्या मागाच्या फणीचा ठोका आला. सावकाश, वयस्कर माणसाचा. मी कुलूप काढत होते तरी चालूच होता; दार लोटलं तेव्हा थांबला. आत कुणी नव्हतं. ताण्याच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ नुकतीच लावलेली, माझ्या बोटाला चिकटली. उंबऱ्याबाहेरून बनाबाई ओरडल्या, "अक्का, पाय सोडू नका तितं! मोकळा दिसतुया, पर मोकळा न्हाय त्यो." पण तुझी आई कधी कुणाचं ऐकते? खड्ड्यात कुणी दडलंय का बघायला मी काठावर बसले आणि पाय सोडले. तळव्यांना पावड्या लागल्या नाहीत. आधी दोन पावलं लागली. भेगाळलेली, ऊबदार.

ओरडायला हवं होतं. पण ती हलली आणि माझी त्यांच्यासोबत हलली. लहानपणी तुला आपल्या पावलांवर उभं करून बाबा घरभर चालवायचे ना, अगदी तसं. भीती गेलीच. मी रोज जाऊन बसू लागले, शिकू लागले. ती घोंगडी पुरी झाली, मग दुसरी, मग तिसरी. तू 'वीण हुबेहूब कोंडीबांची' म्हणून ज्या नावाजल्यास, त्या मीच विणल्यात गं! विणकर मिळाला एवढंच तुला कळवलं, कारण बाकीचं तू खरं मानलं नसतंस. मग परवा खालची पावलं हळूच निसटली. नुसत्या पावड्या उरल्या. बनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "सुटले ओ. लई अडकून पडले हुते." मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, आता आपणही घरी जावं.

अजून उठलेली नाही. हे पत्रही काठावर बसूनच लिहितेय, भाकरी बनाबाई इथेच आणून देतात. पाय वर घ्यायचं ठरवते आणि तेवढ्यात एक ओळ विणून होते. दुखत काही नाही, रडू नकोस. हप्ता थांबवू नकोस. अंगणात बिनखड्ड्याचा लाकडी माग उभा कर, गावातल्या मुलींना त्यावर शिकव. या खोलीत कुणालाही आणू नकोस. गुरुवारी ये मात्र. तुला बघायला जीव तुटतोय माझा. पण उंबऱ्याबाहेरच उभी राहा. मी तुला आत बोलावेन, फार गोड बोलेन. म्हणेन, ये गं बाळा, बस जरा माझ्याजवळ, पाय सोड. बसू नकोस. हे सांगतेय ती तुझी आई आहे. गुरुवारी बोलावेल तिची मला खात्री देता येत नाही.

आजतरी तुझीच,
आई