सातव्या फ्लॉपीवरचं कुंकू

साहेब,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. आता मधेच तोडून "गप गो" म्हणणार नाही, म्हणून लिहिते. तुमच्या तेराव्याला सगळी कचेरी गेली म्हणे. मी पालीतल्या घरी कुळथाची पिठी ढवळत बसले. वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू?

काम तुम्हीच शिकवलंत, ते नाकारत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रत्नागिरीच्या आपल्या कचेरीत दोन कॉम्प्युटर आले. एकावर नोकरीसाठी नाव नोंदवलेल्या पोरांची यादी. दुसरा राखीव, पहिला बंद पडला तर काम अडू नये म्हणून. यादीची प्रत बारा फ्लॉप्यांवर घ्यायची, दर महिन्याला ती राखीव मशीनवर उतरवून बघायची आणि रजिस्टरात सही करायची. मी विचारलं, प्रत घेतली की झालं ना? तुम्ही म्हणालात, "अगो, हापूस वरून पिवळाधमक दिसतो. कापल्याशिवाय आतला साका कळतो काय?"

एवढं कळणारा माणूस, आणि खंडेनवमीला काय केलंत? ती सकाळ अजून दिसते. टेबलावर पाट, पाटावर त्या बारा फ्लॉप्या, पाकिटातून काढून मांडलेल्या. पूजेला झाकलेलं चालत नाही म्हणे. मी म्हणते, "साहेब, ओलं बोट नको, त्या उघड्या खाचेतून कुंकू आत तबकडीवर जाईल." तुम्ही सगळ्यांसमोर डाफरता, "गप गो! कालची पोर तू, नि मला शिकवतेस?" आणि एकेका फ्लॉपीला हळदकुंकवाचं बोट लावता. शिपायासकट सगळे हसतात.

दिवाळीनंतर पहिलं मशीन बसलं ते उठलंच नाही. राखीव मशीनवर फ्लॉप्या उतरवायला घेतल्या. सहा नीट उतरल्या, सातवी वाचेना. बाहेर काढली तर खाचेत कुंकू. तुम्ही ते पाहिलंत, रुमालानं पुसलंत आणि अहवालात लिहिलंत, 'ऑपरेटरचा हलगर्जीपणा.' कुंकवाचं नाव नाही. माझी कायम होण्याची ऑर्डर सहीला आली होती, ती परत गेली आणि मी घरी बसले. घरात कमावती मी एकटी. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी वर्षानुवर्षं भेटेल त्याला सांगत आले.

एक गोष्ट मात्र आईलासुद्धा सांगितली नाही. त्या दिवशी राखीव मशीन सुरू केलं, तेव्हा ते कोरं होतं. दर महिन्याला यादी उतरवली असती तर मागच्या महिन्याची तरी त्यात सापडली असती, कुंकू असो वा नसो. पण बारा फ्लॉप्या एकेक करून घालण्यात अख्खी दुपार जायची आणि माझी पालीची एसटी चुकायची. म्हणून मी नुसत्याच सह्या करत होते. मशीन आल्यापासूनच्या पाच महिन्यांच्या पाच सह्या. तुम्ही तो कोरा पडदा पाहिलात, रजिस्टर उघडलंत, माझ्याकडे बघितलंत आणि रजिस्टर कपाटात ठेवून कुलूप लावलंत. अहवालात त्याचंही नाव नाही. ते पुढे केलं असतंत तर मला पुढे कुठल्याच कचेरीनं दारात उभं केलं नसतं. त्या सह्या तपासायचं काम तुमचं होतं; तेव्हा तुम्ही मला वाचवलंत की स्वतःला, हे विचारायची हिंमत मला तुम्ही असताना झाली नाही.

तुमच्या मुलाचा पत्ता आहे माझ्याकडे. कुंकवापर्यंतच लिहिलं असतं, तर हे पत्र पाठवलंही असतं.